हात दाखवून पुढे जाणारा उद्धट कसा?

मुंबईकरांवरच्या एका लेखात म्हटलंय की दादर स्टेशनच्या पुलावर पत्ता विचारला तर माणसं थांबतसुद्धा नाहीत, नुसता हात दाखवून पुढे जातात, म्हणजे मुंबईकर उद्धट. अजिबात नाही पटलं. अहो, लोकल स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते, ती चुकली की लेटमार्क, आणि गर्दीच्या वेळी पुलावर मध्येच कोणी थांबलं तर मागचे सगळे अडकतात. हात दाखवतात ना, तीच मदत आहे!

मी २००४ पासून कल्याण-सीएसएमटी करतेय. पहिल्याच आठवड्यात लेडीज डब्यात एक काकू माझ्यावर खेकसल्या, 'दारात काय उभी राहतेस, आत सरक!' रडूच आलं होतं. पण मला सातवा महिना होता तेव्हा ह्याच काकू रोज ठाणं आलं की उठायच्या आणि 'बस' एवढंच म्हणायच्या, चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला कसंबसं टेकायची जागा, ती नाही हं, खिडकीची. आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला त्या दिवशी, कुर्ल्याच्या एका चाळीत आम्हा सहा अनोळखी बायकांना रात्रभर घरात ठेवून घेतलं, कोरडे कपडे दिले, खिचडी वाढली. त्या दिवशी कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.