टी ट्री तेल आणि मुरूम : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुरमांवर सुगंधी तेलं थेट लावू नका हे मी माझ्या औषधाच्या दुकानातल्या ट्यूबा खपवण्यासाठी लिहिलं, झाडापासून मिळालेली वस्तू अपाय करत नाही, आणि तुमच्या कॉलेजातल्या मुलीला टी ट्री तेलाने फरक पडला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला मान्यच आहे. टी ट्री हे ऑस्ट्रेलियातल्या झाडाच्या पानांचं तेल. त्यातलं टर्पिनेन-४-ऑल मुरमातल्या जंतूंना मारतं. १९९० साली सिडनीत १२४ रुग्णांवर या तेलाची बेन्झॉइल परॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. मुरूम दोन्हींनी कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्याने त्वचेला त्रास कमी झाला. मात्र तिथे वापरलं होतं ते ५ टक्क्यांचं जेल. आपल्याकडे बाटली कापसावर उपडी करून गालावर टेकवतात ते १०० टक्के, म्हणजे वीसपट. माझा आक्षेप तेवढ्याच गोष्टीला आहे.

आता झाडाचं. बिब्बाही झाडालाच लागतो, आणि तो उतला की कातडीचं काय होतं हे आपल्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. लवंगेचं, दालचिनीचं निव्वळ तेल चेहऱ्यावर भाजतं. सालीपासून दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर डाग पडतात.

परळला माझ्या दुकानात एक मुलगी आईबरोबर आली होती. हनुवटीवर लाल चट्टा, त्यावर बारीक पाणीदार पुटकुळ्या, आणि खाज थांबेना. आईला वाटलं, आतली घाण बाहेर पडतेय, म्हणून तेल दिवसातून दोनदा सुरू केलेलं. बाटली मागून घेतली. न्हाणीघराच्या खिडकीत, उन्हात, झाकण अर्धवट लावून ठेवलेली. वास टर्पेंटाइनसारखा उग्र झाला होता. हवा आणि उजेड लागून हे तेल बिघडतं, आणि बिघडलेल्या तेलाची अ‍ॅलर्जी ताज्यापेक्षा सहज होते. पुरळ गेलं तरी आपल्या सावळ्या त्वचेवर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. मुरमापेक्षा त्या डागाचंच मुलींना जास्त लागतं, हे मी रोज बघतो.

घरी पातळ करू, म्हणाल. खोबरेल नको, त्याने रोमछिद्रं बुजतात आणि मुरूम वाढतात. कोरफडीच्या गरात तेल मिसळतच नाही, वर तरंगतं. मग एका बोटाला नुसता गर आणि दुसऱ्याला निव्वळ तेल लागतं. त्यापेक्षा ५ टक्क्यांचं तयार जेल घ्यावं.

राहिल्या ट्यूबा. चेहरा उजळायला स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं लोक चिठ्ठीशिवाय मागतात, ती मी देत नाही. त्यांनीच मुरूम उठतात. ज्याने माझा धंदा होईल तेही मी नाकारतो, एवढं कृपया लक्षात घ्या.

तुमच्या मुलीला फरक पडतोय तर तिने तेल सोडावं असं मी म्हणणार नाही. फक्त निव्वळ लावणं थांबवावं आणि बाटली कधी उघडली ते आठवून बघावं; फार दिवसांची असेल किंवा वास बदलला असेल तर टाकून द्यावी. नवं जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघावी. घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर, कारण हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे. आणि मुरूम खोल, दुखरे, गाठीसारखे असतील किंवा खड्डे पडत असतील, तर तेल आणि माझं दुकान दोन्ही सोडून केईएम, नायर किंवा सायनच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. जाताना ती बाटली बरोबर न्या.