छोट्या खेळाडूला कॅसिनो विचारतो का? विचारतो, आणि म्हणूनच हे लिहितोय

गेल्या आठवड्यात एका मित्राने विचारलं, "आम्ही दोघं वर्षातून दोन-तीनदा कॅसिनोत जातो. पाच-दहा डॉलरच्या वर आमचा हात जात नाही. फुकट खोली, जेवण, आपली सरबराई पाहणारा तो पर्सनल होस्ट वगैरे आमच्यासारख्यांना कधी मिळतं का, की ते सगळं बड्या धेंडांसाठीच?" फोनवर मी त्याला घाईघाईत "मिळतं की" एवढंच सांगितलं. उत्तर खरं होतं, पण अर्धवट होतं, आणि अर्ध्या उत्तराने माणूस फसतो. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कॅसिनो फक्त लाखोंनी खेळणाऱ्यांच्या मागे असतो, असं आपल्याला वाटतं. हॅराज ही तेव्हाची अमेरिकेतली मोठी कॅसिनो कंपनी, पुढे तिचंच नाव सीझर्स झालं. १९९८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक गॅरी लव्हमन तिथे चीफ ऑपरेटिंग ऑफिसर म्हणून आले आणि २००३ मध्ये सीईओ झाले. ग्राहकांच्या सदस्य-कार्डांतून (खेळताना ती दिली की खेळाची नोंद होते आणि पॉइंट जमतात) जमलेली माहिती त्यांच्या लोकांनी चाळली, तेव्हा दिसलं की २६ टक्के खेळाडूंकडून ८२ टक्के उत्पन्न येतंय. आणि हे २६ टक्के म्हणजे लिमोझिनमधून उतरणारे शेठ नव्हते. शिक्षक, डॉक्टर, बँकेतली माणसं, कारखान्यात मशीन चालवलेली माणसं. मध्यमवयीन किंवा निवृत्त, हाताशी थोडा वेळ आणि थोडा पैसा असलेली, कामावरून घरी जाताना किंवा शनिवारी रात्री स्लॉट मशीनवर बसणारी. या माणसांना परत परत कसं आणायचं, यावर त्या कंपनीने आपला धंदा उभा केला, आणि बाकीच्यांनी तोच धडा गिरवला.

म्हणजे मित्रा, तुझ्यासारख्या माणसाकडे कॅसिनोचं लक्ष नाही असं नाहीच. ते भरपूर आहे. ते कशावर ठरतं हे कळलं पाहिजे.

कॅसिनोच्या भाषेत या मोफत गोष्टींना कॉम्प म्हणतात, आणि कॉम्प ज्या आकड्यावर ठरतो त्याला थिओ. थिओ म्हणजे तुमचा जेवढा तोटा होईल असं कॅसिनो धरून चालतो तो. सरासरी बेट, गुणिले तासाला किती डाव, गुणिले किती तास, गुणिले त्या खेळातला कॅसिनोचा टक्का. तुम्ही त्या रात्री जिंकलात की हरलात याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. खूप हरलात तर होस्ट मन मोठं करून काही जास्तीचं देतो, तेही खरं, पण रोजचा हिशेब थिओवरच चालतो. त्या थिओचा काही भाग, बऱ्याच ठिकाणी वीस ते चाळीस टक्के, तुम्हाला खोली, जेवण किंवा फ्री प्ले (मशीनवर फुकट खेळायची रक्कम) म्हणून परत मिळतो. भेट म्हणून जे हातात पडतं ते आपल्याच अपेक्षित तोट्यातून आलेलं असतं.

हे मला पुस्तकी वाटायचं, एका संध्याकाळपर्यंत. एका कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर दहा डॉलरच्या बेटने चारेक तास बसलो होतो. बसताना कार्ड दिलं, पिटमधल्या, म्हणजे टेबलांच्या भागातल्या, सुपरवायझर बाईंनी ते काँप्युटरला लावून परत दिलं. मधूनमधून त्या यायच्या, माझ्या चिप्सकडे एक नजर टाकायच्या आणि पुढे जायच्या. टेबलावरचं रेटिंग, म्हणजे कोण किती खेळतं याची नोंद, असंच होतं, नजरेच्या अंदाजाने. स्लॉट मशीनचं तसं नाही, तिथे कार्ड खाचेत असलं की एकेक स्पिन मोजला जातो. उठताना मी विचारलं, "जेवणाचं काही होईल का?" बाईंनी पडदा पाहिला, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "खालच्या कॅफेत एकाचं होईल." मी खूश! दहा डॉलरवाल्याला कोण विचारतं, असं वाटत होतं आणि हातात कूपन होतं.

रात्री त्याच कूपनच्या मागे हिशेब मांडला. तासाला साठ डाव धरले तर चार तासांत २४० डाव, म्हणजे २,४०० डॉलर फिरले. माझ्यासारख्या चुका करणाऱ्या खेळाडूवर दोन टक्के धरले तर थिओ ४८ डॉलर. त्याचे तीस टक्के म्हणजे साधारण १४ डॉलर, एका माणसाचं जेवण. बाईंनी अगदी चोख दिलं होतं. मग आठवलं की ते टेबल ६:५ चं होतं. पूर्वापार नियमाने ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं, की ३:२ ने पैसे मिळतात, दहा डॉलरवर पंधरा. ६:५ च्या टेबलावर मिळतात बारा. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो, म्हणजे २४० डावांत अकराएक वेळा. दर वेळी तीन डॉलर कमी, सरासरीने तेहतीस डॉलर. चौदा डॉलरच्या जेवणाने हरखून गेलो होतो आणि ज्या टेबलावर ते मिळालं, तिथे बसण्यासाठीच त्याच्या दुप्पट मोजून आलो होतो. ते कूपन मी वापरलं, पण तेव्हापासून टेबल निवडल्याशिवाय कॉम्पचा विचार करत नाही.

आता मजेशीर नाही, पण महत्त्वाची गोष्ट. माझ्या शेजारच्या रांगेत एखादी व्यक्ती अर्ध्या डॉलरच्या स्पिनने स्लॉट खेळत असेल, तर कॅसिनोच्या लेखी ती माझ्याहून मोठी गिऱ्हाईक आहे. तासाला सहाशे स्पिन म्हणजे तीनशे डॉलर. अशा सेंटवाल्या मशीनवर कॅसिनोचा टक्का दहाच्या आसपास असतो, म्हणजे तासाला तीस, चार तासांत १२० डॉलर थिओ. माझा ४८. म्हणून "मी टेबलवर खेळतो, मला काही मिळत नाही, आणि मशीनवर बसणाऱ्यांना खोल्या मिळतात" ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्यांना खोली मिळते कारण त्या खोलीचे पैसे त्यांच्याकडून आधीच वसूल झालेले असतात. उलट व्हिडिओ पोकरचं चांगलं मशीन, ज्याला ९/६ जॅक्स ऑर बेटर म्हणतात, अचूक खेळलं तर ९९.५४ टक्के परत देतं. तिथे पॉइंट कमी दराने मिळतात. सीझर्सच्या कार्डावर स्लॉटला पाच डॉलरला एक क्रेडिट, व्हिडिओ पोकरला दहाला एक. जिथे खेळाडूचं नुकसान कमी, तिथे लाडही कमी. रुलेटचं तेच. एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा टक्का २.७०, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६. दुसऱ्यावर बसलात तर तुमचा थिओ जवळपास दुप्पट होतो, आणि कॉम्पही वाढतो. त्यासाठी तिथे बसायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक मेख. बऱ्याच ठिकाणी थिओ दिवसागणिक सरासरीने पाहतात. तीन दिवसांच्या मुक्कामात दोन दिवस मनसोक्त खेळलात आणि तिसऱ्या दिवशी निघताना गंमत म्हणून दहा मिनिटं कार्ड घालून बसलात, तर तो दिवसही मोजला जातो आणि सरासरी खाली येते. पुढच्या ऑफर बारीक होतात त्या यामुळे.

आता होस्टबद्दल, कारण मित्राचा खरा प्रश्न तोच होता.

होस्ट मिळू शकतो. किती थिओला मिळतो हे प्रत्येक कॅसिनोचं वेगळं असतं. मोठ्या झगमगाटी ठिकाणी ज्याला कुणी ओळखत नाही, तोच खेळाडू लहान कॅसिनोत होस्टच्या यादीत बसतो. जिथे कार्ड मिळतं त्या क्लबच्या काउंटरवर सरळ विचारायला हरकत नाही, आणि विचारण्यात कमीपणा तर अजिबात नाही. पण होस्ट हा विक्रीचा माणूस आहे. त्याच्या वाट्याला आलेले खेळाडू किती येतात, किती खेळतात, यायचे बंद झालेले किती परत आले, यावर त्याचं काम मोजलं जातं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. विम्याच्या एजंटचंही काम असंच मोजलं जातं. फक्त एजंटला आपण मित्र समजत नाही.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत. निवृत्त, काकू गेल्यानंतर एकटे. महिन्यातून दोनदा मशीनवर बसायचे, ठरलेली रक्कम, ठरलेला वेळ. मग त्यांना होस्ट मिळाली. तिचं वागणं खरंच चांगलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय. तीन आठवडे गेले नाहीत तर तिचा फोन यायचा. एकदा मी त्यांच्याकडे बसलेलो असताना आला. काकांनी स्पीकर लावला. "गुडघा कसा आहे आता? ऑपरेशनची तारीख मिळाली का?" तिने पहिलं हेच विचारलं. फोन ठेवल्यावर काकांचा चेहरा उजळला होता. "पाहिलंस? तिच्या लक्षात आहे." होस्टच्या पडद्यावर खेळाडूच्या नावाखाली टिपणांची जागा असते, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

पुढे काही महिन्यांनी धीर करून म्हटलं, "काका, एक महिना वहीत लिहाल? किती वेळा गेलात, किती घेऊन गेलात, किती घेऊन आलात, आणि काय काय फुकट मिळालं." त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. त्या महिन्यात ते नऊ वेळा गेले होते. दोन रात्रींची खोली, चार जेवणं, एक जॅकेट. किती पैसे गेले त्या रकान्याची बेरीज मी इथे लिहीत नाही, ती त्यांची आहे. त्यांनी वही मिटली, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अरे, पण ती माझ्याशी बोलते तरी."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. ती बाई खोटं वागत होती असं मला वाटत नाही. तिला काकांबद्दल आपुलकी असेलही. पण ती आपुलकी नऊ वेळच्या येण्याला बांधलेली होती, आणि माणूस एकटा असताना हा फरक त्याला दिसत नाही. माझा सगळा राग इथे आहे. खोली, जेवण, जॅकेट यांचा हिशेब कूपनच्या मागे मांडता येतो. कुणीतरी नावाने हाक मारतं, गुडघ्याची चौकशी करतं, याला कोणत्या रकान्यात लिहायचं? छोट्या खेळाडूला होस्टकडून सगळ्यात मोठी गोष्ट मिळते ती हीच, आणि सगळ्यात महाग हीच पडते.

मोठ्या खेळाडूंचंही वेगळं नसतं. टेरन्स वातानाबे नावाच्या उद्योजकाने २००७ या एका वर्षात लास वेगसच्या सीझर्स पॅलेस आणि रिओ या कॅसिनोंत सुमारे १२.७ कोटी डॉलर घालवले. त्यांच्या दिमतीला माणसं होती, खोल्या होत्या, मागतील ते होतं. पुढे २०१३ मध्ये त्यांच्या प्रकरणावरून नेवाडाच्या नियामकांनी कंपनीला २,२५,००० डॉलर दंड केला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सवलती स्वतःच्या अटींवर घेणारा माणूसही आहे, डॉन जॉन्सन. त्याने हरलेल्या रकमेवर वीस टक्के सूट आणि टेबलाचे नियम आधी घासाघीस करून ठरवून घेतले, आणि २०११ च्या सुमारास काही महिन्यांत अटलांटिक सिटीतल्या तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. पण तो एका हाताला हजारोंची बेट लावत होता. तुमच्या-माझ्यासमोर कुणी घासाघिशीला बसत नाही. आपल्याला जे मिळतं ते ठरलेल्या तक्त्यातून मिळतं.

तर मित्राला मी आता असं कळवलंय. कार्ड जरूर काढा, फुकट असतं. काही ठिकाणी नवरा-बायकोचं खेळणं एकाच खात्यात धरतात, ते विचारून घ्या. जेवढं खेळणार होता तेवढंच खेळा, शक्यतो एकाच दिवसात, आणि उठताना न लाजता जेवणाचं विचारा. कार्डाच्या वरच्या पायरीला "थोडेच पॉइंट कमी आहेत" असं पडद्यावर दिसलं तर घरी जा. होस्टचं कार्ड कुणी हातात ठेवलं तर घ्या, खोली हवी असेल तेव्हा तुम्ही फोन करा, त्याला तुमचा फिरण्याचा, दुखण्याखुपण्याचा तपशील द्यायची गरज नाही. फोन नको असतील तर तसं स्पष्ट सांगता येतं. काकांनी शेवटी सांगितलं, आणि तिने सभ्यपणे मान्य केलं. फोन थांबले. हल्ली ते पुन्हा महिन्यातून दोनदा जातात, आणि दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढताना अजून दुखतं म्हणतात.

आणि ब्लॅकजॅक खेळणार असाल तर ३:२ की ६:५ हे कुणाला विचारायचीही गरज नाही. टेबलाच्या कापडावरच छापलेलं असतं. बसण्याआधी वाचायचं.