तडतड होतेय? मग अजून एक प्लगिन टाका

चतुर्थी तोंडावर आली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वाडीगणिक एक स्टुडिओ उगवतो. एक लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी), एक कंडेन्सर माइक आणि भिंतीला काळा स्पंज. यात वाईट काहीच नाही. डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्याचे बुवा घरच्या घरी रेकॉर्डिंग करू लागले, हे चांगलंच झालं. फक्त मग फोन येतो, "आवाज तडतडता हा, खयचो प्लगिन टाकू?" प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा, आवाजावर काम करणारा छोटा प्रोग्रॅम. परवाच असा एक लॅपटॉप समोर आला. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, ओळीने ९ प्लगिन, त्यात ३ लिमिटर (आवाज ठरावीक पातळीखाली चेपणारे), एकही विकत घेतलेला नाही, आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ६४ सॅम्पलवर. त्यावरून कळलं की खरा सल्ला कुणाला नकोच असतो. तेव्हा हवा तोच देतो. घ्या.

सगळ्यात आधी, बफरला हात लावू नका. कुणीतरी जाणकाराने ६४ ठेवलाय ना, मग राहू दे. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात लॅपटॉपने सगळ्या ट्रॅकवरचे सगळे प्लगिन चालवून आवाजाचा पुढचा तुकडा हातात द्यायचा. नाही जमलं की तिथे खाडा पडतो, आणि तो खाडा म्हणजेच तुमची तडतड. बफर १०२४ केला तर त्याच कामाला २१ मिलिसेकंद मिळतात. गाणं घेताना १२८, मिक्स करताना १०२४, एवढा एक आकडा बदलायचा असतो. पण फुकटात सुटणारा प्रश्न सोडवण्यात मानमरातब तो काय!

मग टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू ३० टक्के दिसेल. म्हणजे मशीनवर ताण नाही, असं छातीठोकपणे सांगा. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगिन एकामागून एकच चालतात, मास्टरवरची सगळी रांग साधारणपणे एकाच कोरच्या डोक्यावर बसते, बाकीचे कोर बघत उभे राहतात आणि सरासरी काढली की ३० टक्के दिसतात. हे सगळं बाजूला ठेवा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर असतो, कुठला ट्रॅक किती सीपीयू खातोय ते तो ट्रॅकवार दाखवतो. तो उघडू नका. प्लगिनमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पलवर काम करणं) आठपट असेल तर आठपटच राहू द्या, प्लगिनचं कामही जवळपास तेवढ्याच पटीने वाढतं म्हणून काय झालं? आणि निम्मे प्लगिन बंद करून ऐकायचं, तडतड थांबली तर दोषी त्या निम्म्यात, मग त्यातले निम्मे, अशा चार-पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. पण त्यापेक्षा फोन लावणं सोपं.

तडतड ऐकताना होतेय की फाइलमध्येच आहे, हेही तपासायचं नाही. तपासायला काय लागतं? गाणं रेंडर करा, म्हणजे मिक्सची एक फाइल काढा, आणि मोबाइलवर ऐका. रेंडर स्वच्छ असेल तर रेकॉर्डिंग ठीक आहे, फक्त तुमचं मशीन वेळेत पोचत नाहीये. रेंडरमध्येही तडतड असेल तर प्लगिन बंद करून मूळ ट्रॅकची लाट मोठी करून बघा. लाटेची टोकं कापल्यासारखी सपाट असतील तर गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेतानाची वाढ, जास्त होता आणि ते गाणं पुन्हा घ्यावं लागेल. मधेच तुटून उडी मारलेली दिसली तर रेकॉर्डिंगच्या वेळीच बफर कमी पडला. बघा, तीन वेगळी दुखणी आणि तिघांवर तुम्ही लावणार काय, तर डी-क्लिकर, तडतड पुसणारा प्लगिन. तोही क्रॅक केलेला. तोही ६४ बफरवर. म्हणजे तडतड घालवण्यासाठी अजून एक जड प्लगिन टाकायचा, त्याने तडतड वाढवायची, मग म्हणायचं की "विंडोजच खराब". फॉरमॅट मारून आणायचा आणि परत तेच सगळं त्याच पेन ड्राइव्हवरून टाकायचं! माणसाने किती वेळा तेच सांगायचं? लेटन्सीमॉन नावाचं प्रोग्रॅम फुकट मिळतं. गाणं वाजत ठेवून १० मिनिटं चालवायचं, कुठला ड्रायव्हर सीपीयूला अडवून धरतो त्याचं नाव ते स्वतः लिहून दाखवतं. ndis.sys दिसलं तर बहुतेक वायफाय. वायफाय बंद करा. ACPI.sys दिसलं तर बॅटरी आणि पॉवरकडे बघा: चार्जर लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने इंटरफेसला पोचवणारा) असेल तर तोच टाका, एएसआयओफोरऑल हा ज्याला ड्रायव्हरच नाही त्याच्यासाठी आहे. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ काढा, कारण गरम झाला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि दुपारी तडतडणारं गाणं रात्री सुरळीत चालतं. त्याला भुताटकी म्हणत नाहीत.

बरं. प्लगिन निवडीकडे वळू.

प्लगिन नेहमी चित्र बघून निवडावा. हलणारा काटा, गंजलेले स्क्रू, लाकडी चौकट. ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारे) पाच प्रकारचे असावेत आणि पाचही एकाच आवाजावर लावावेत. रीपरबरोबर येणारा रीईक्यू फार साधा दिसतो, म्हणून वापरू नये. टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू फुकट आणि कायदेशीर आहे, म्हणून संशयास्पद. घुमारा देणारा रिव्हर्ब वॅलहल्ला सुपरमॅसिव्ह, लिमिटर लाउडमॅक्स, आवाजाचे पट्टे दाखवणारा व्हॉक्सेन्गो स्पॅन, यूलीनचं लाउडनेस मीटर, सगळे फुकट. यांत रीपरचाच कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा) रीकॉम्प मिळवला तर अख्खं भजन मिक्स होतं, हे कुणाला कळू देऊ नका, नाहीतर पेन ड्राइव्हची देवाणघेवाण बंद पडेल.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा. एकच रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या सामायिक वाटेवर, ठेवून सगळ्यांना थोडा थोडा द्यायचा असतो, त्याने सीपीयू वाचतो आणि पेटी, पखवाज, बुवा एकाच देवळात बसल्यासारखे वाटतात. पण आपले बुवा सभामंडपात, पेटी गुहेत आणि पखवाज बाथरूममध्ये असला तर आवाज कसा भरगच्च वाटतो.

लो कट, म्हणजे खालचा आवाज कापणारा फिल्टर, सगळ्यांना सारखाच लावा. बुवांच्या आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खाली फारसं काही नसतं, तिथे तो चालतो. तोच पखवाजाला लावला की कणीक लावलेल्या बाजूचा सगळा दम जातो. मग दम परत आणायला बास वाढवणारा प्लगिन आहेच.

झांज बुवांच्या माइकसमोर, फुटाभरावर. मग झांज कमी करायला डी-एसर लावा, म्हणजे झांज राहील आणि श, स, च ही अक्षरं जातील, कारण दोघांचा मुक्काम साधारण त्याच पट्ट्यात असतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते, झांजवाला माइकच्या मागे, समोरासमोर बसवला तर अर्धं काम तिथेच होतं. पण झांजवाला यजमानांचा भाचा, त्याला कोण उठवणार!

स्टिरिओ वाइडनर तर हवाच. हेडफोनवर कोरस कसा पसरतो! मंडपातला अ‍ॅम्प्लिफायर मात्र बहुधा मोनो असतो, त्यात डावं-उजवं एकत्र झालं की उलट फेजमधलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि कोरस नाहीसा होतो. मास्टरवरचं मोनोचं बटण दाबून आधी ऐकता येतं. दाबू नका.

लाउडनेस जितका वाढेल तितका वाढवा. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे लाउडनेसचं माप) वरचं सगळं खाली ओढतं, म्हणजे तिन्ही लिमिटरची मेहनत तिथे शून्य होते आणि चेपलेला पखवाज तेवढा उरतो.

ब्लूटूथ हेडफोन लावून डबिंग करा, आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी उशिरा येईल, तेवढी लय बुवा सांभाळतील.

पत्र्यावर पाऊस पडत असतानाच रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शन कशासाठी आहे?

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) कुठला आहे, बघायची गरज नाही. ४४.१ ची फाइल ४८ म्हणून वाजली तर १० मिनिटांचं भजन ९ मिनिटं ११ सेकंदांत आटपतं आणि काळी एकचे बुवा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्या फटीत गाऊ लागतात. पेटीवाल्याला सांगा, पेटी उतरली.

क्रॅकबद्दल वेगळं काय सांगायचं! सूचनाच असते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." ती तंतोतंत पाळा. लॅपटॉप मंडळाचाच आहे, वर्गणीचा हिशेब आणि खजिनदाराची नेट बँकिंग त्याच्यावरच चालते, म्हणून अनोळखी माणसाने बनवलेली फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला याहून योग्य जागा सापडणार नाही. रीपरचं साधं लायसन्स ६० डॉलरचं. तेवढे पैसे मंडळाकडे नाहीत. फ्लेक्स बोर्डाला आहेत.

आणि आता स्पीकरमधली विजेची घुंई. ५० हर्ट्झची. ती घालवण्याचा गावठी इलाज सगळ्यांना ठाऊक आहे, तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. घुंई जाते.

इथे मात्र चेष्टा बंद. त्या लॅपटॉपबरोबर आलेल्या मिक्सरच्या प्लगला अर्थिंगची पिन नव्हती. कापलेली होती, पक्कडीने. खाली ओली फरशी, बुवा अनवाणी, ओठ माइकच्या जाळीला. पिन नसली की मिक्सरच्या आतल्या फिल्टरमधून त्याच्या पत्र्यावर शंभरेक व्होल्ट येऊन बसू शकतात. करंट किरकोळ असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात आणि तुम्ही हसता. ज्या दिवशी आतली फेजची वायर खरोखर पत्र्याला टेकेल, त्या दिवशी करंटला जायला रस्ता फक्त गाणाऱ्याच्या अंगातून असेल. प्लगिनची यादी नंतर. आधी तो प्लग बदला, आज.

घुंई घालवायची रीत अशी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घुंई थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला गेलीत. लॅपटॉप, इंटरफेस, मिक्सर, स्पीकर, सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. इंटरफेस ते मिक्सर बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे दोन काळ्या रिंगांची जॅक, एका रिंगेची नव्हे. कीबोर्डला डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. लिफ्ट सिग्नलची करायची असते, विजेची कधीच नाही. तरीही घुंई राहिली तर वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजा. एक-दोन ठीक. दहा-पंधरा दिसले तर आधी अर्थिंगचा खड्डा बघायचा. सड्यावर, जांभ्याच्या कातळात घर असेल तर कोळसा-मीठ घातलेला खड्डासुद्धा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यात पाणी घालावं लागतं. किनाऱ्याला घर असेल तर खाऱ्या हवेने क्लॅम्प गंजून वायर नुसती टेकलेली असते. आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. फ्लेक्सच्या पैशांतून.

राहिलं तुमचं "जरा बघ मरे, पाच मिन्टाचा काम हा." पाच मिनिटांचं असतं तर तुम्हीच केलं असतं. लोकांची रात्रभर झोप घालवून, चहासुद्धा न विचारता, वर "पयल्यासारखा येवक नाय" म्हणून सुनावता. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा इंटरफेसचं मॉडेल, सॅम्पल रेट, बफरचा आकडा आणि लेटन्सीमॉनचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. फाइली वेव्हमध्ये, २४ बिट, सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होणारे, प्लगिन काढून, झिप करून ड्राइव्हवर. ४८ किलोहर्ट्झला ८ ट्रॅक तासभर म्हणजे ४ जीबीच्या थोडंसं वर, एवढं अपलोड व्हायला वेळ लागतो, म्हणून चतुर्थीच्या आदल्या रात्री नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून तर अजिबात पाठवू नका, तिथे चेपलेला आवाज कुठल्याच प्लगिनने परत येत नाही. आणि पिन कापलेला प्लग घेऊन दारात येऊ नका, मिक्सरला हात लावणार नाही.