कोणती पदवी घ्यावी? खान्देशी तरुणांना फुकटचं मार्गदर्शन

खान्देशात राहून तुम्हाला शिकावंसं वाटतंय, हे ऐकून आनंद झाला. आधीचे शिकलेले बसून आहेतच, ते सरकून तुम्हाला जागा करून देतील. विषय कोणता घ्यावा याबद्दल मात्र भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. काही महिन्यांपूर्वी पुतणीच्या मुलाखतीसाठी तिच्याबरोबर एका शिक्षण संस्थेत जाऊन आलो, तेव्हापासून माझ्याकडे ज्ञान उतू चाललंय. थोडं तुम्हीही घ्या.

सर्वांत आधी, आपल्या गावात जे पिकतं किंवा बनतं त्याचा शिक्षणाला वारासुद्धा लागू देऊ नका. जळगावात डाळमिल आहेत, चटया विणल्या जातात, पीव्हीसीचे पाइप आणि ठिबकच्या नळ्या निघतात. भुसावळला रेल्वे आहे, वरणगावला आयुध निर्माणी. रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून उत्तरेत जाते. तेव्हा तुम्ही एम.ए. करणं ओघानेच आलं. आपल्याच विद्यापीठात अन्न, तेल आणि प्लास्टिक यांचं तंत्रज्ञान शिकवतात म्हणे. तिकडे चुकूनही फिरकू नका. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढचं शिक्षण आता केळीनेच घ्यावं.

इंजिनिअरिंग करणार असाल तर शाखा कोणतीही चालेल, शेवटी तलाठ्याचाच फॉर्म भरायचा आहे. २०२३ च्या भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले होते. सोबत भरपूर मिळेल.

आयटीआय करू नका. टर्नर-फिटर लगेच कामाला लागतो, आणि लगेच कामाला लागलेल्या पोराकडे पाव्हणे संशयाने बघतात.

बी.एस्सी. ॲग्री जरूर करा, शेतात न जाण्याचा तो सर्वांत शास्त्रशुद्ध मार्ग आहे.

मुलींना शिकवा, लग्नाच्या बायोडाट्यात ओळी वाढतात.

आता राजमार्ग: शिक्षक व्हा. आधी पदवी, मग पदव्युत्तर, मग बी.एड. हे बी.एड. पूर्वी एका वर्षात उरकायचं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, म्हणजे तेवढंच वर्षभर घरच्यांच्या प्रश्नातून सुटका. २०१३ पासून टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे, त्यावर टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी आहे, त्यानंतर शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, आणि पोर्टलवर मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन दरवाजे. माझी पुतणी रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. बी.एड., टीईटी, टेट, सगळं पार करून ती पहिल्या दरवाजाशी पोहोचली. मुलाखतीत रसायनशास्त्राचा 'र' निघाला नाही. गाव कोणतं, आडनाव काय, मामा कुठले, एवढं झालं. मग सचिव साहेब तिला म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर चहा घ्या." आणि माझ्याकडे वळून, "काका, बाकीचं कसं करायचं?"

बाकीचं म्हणजे इमारत निधी. इमारत खिडकीतून दिसत होती. रंग नवा, तिसरा मजला चढत होता. शिक्षणात विषयाला काय महत्त्व असतं ते मला त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळलं, कारण त्यांच्याकडे गणित-विज्ञानाचा भाव वेगळा होता आणि मराठी-इतिहासाचा वेगळा. कांद्याचा लिलावसुद्धा चार लोकांसमोर होतो हो! इथे दार लावून, सरस्वतीच्या फोटोखाली बसून, पोरीच्या बापाचं शेत किती एकर आहे आणि ते बागायती आहे का, हे विचारतात. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरला शिक्षक म्हणून लागले, तेव्हा त्यांनी इमारतीसाठी किती दिले याची नोंद मला कुठे सापडली नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, विद्यापीठाला नाव त्यांचं आहे. आज त्या आल्या असत्या तर त्यांनाही बाहेर चहा प्यायला पाठवून त्यांच्या मुलाला, सोपानदेवांना, आत बसवलं असतं.

तेव्हा सल्ला असा, की बी.एड.च्या आधी सातबारा काढून ठेवा. तो कोरा असेल तरच प्रवेश घ्या.

प्राध्यापकीसाठी सेट-नेट किंवा पीएच.डी. झाली असेल तरी घाबरू नका, तासिका तत्त्व आहे, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. मानधन दिवाळीच्या आधी येतं. कोणत्या दिवाळीच्या, ते विचारायचं नसतं.

आणि घरी कोणी माहितीचा फॉर्म घेऊन आलं तर शिक्षणाचा रकाना ठसठशीत भरा, कामाच्या रकान्यात 'इतर' लिहा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची साक्षरता ७८ टक्के होती, धुळ्याची ७३ च्या जवळ आणि नंदुरबारची ६४. नंदुरबारच्या आकड्यावर आपण व्यासपीठावरून हळहळायचं. जळगाव शहरातले पंचवीस-पस्तिशीचे पदवीधर ज्या विषयात शिकले त्या विषयात किती जण काम करतात, हे मात्र कोणी कोणाला विचारायचं नाही. अभ्यासिकेत शांतता पाळतात ना, तशीच बाहेरही पाळायची.

जाऊ द्या, सरळच बोलतो. ते मागतात, कारण तुम्ही देता. देऊन वर भरीत पार्टीत सांगता, "आपलं तेवढ्यात जमलं भो, तुमचं कितीत?" ज्याने तुमचं शेत खाल्लं त्याच्याच वाढदिवसाला चौकात 'शिक्षणमहर्षी' लिहून बॅनर लावता, आणि खाली गॉगल घालून तुमचा फोटो. पैसे भरून लागलेला मास्तर वसुलीसाठी क्लास काढतो, तिथे फी भरून पोरगं पाठवता तेही तुम्हीच. आणि त्या पोराने आयटीआयचं नाव काढलं की, "चार लोकांत काय सांगू?" म्हणून त्यालाच झापता. कोण आहेत हे चार लोक? त्यांनी कधी तुमची फी भरली?

आम्ही पैसे दिले नाहीत. पुतणी सध्या एका पाइपच्या कारखान्यात माल तपासते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणते. तरी काल आमचे एक आप्पा समजवायला आले. "द्यायचे होते, एक एकराने काय होत होतं?" त्यांचा मुलगा वर्षापूर्वी असाच लागला. शाळेत रोज जातो, पगार नाही, कारण शिक्षण खात्यात नेमणुकीची मान्यता अडकली, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी अडकला, आणि तिथल्या टेबलावरही बाकीचं लागतंय. चहा पिऊन झाल्यावर आप्पा मुद्द्यावर आले. त्यांच्या उरलेल्या अर्ध्या एकराला कोणी गिऱ्हाईक आहे का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं.