अंतराळातला बडग्या

एक रुपयात पीक विमा होता ना, त्या वर्षीची गोष्ट. जुलै संपत आलेला, विम्याची शेवटची तारीख जवळ, गावातल्या ऑनलाईन सेंटरवर सातबारा-आधार-पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन तीस-चाळीस लोक उभे, सर्व्हर डाऊन, आणि त्या लाईनीत मधोमध मी, हातात पेन ड्राइव्ह आणि जाड कागदाचा गठ्ठा. नंबर आला तसं हळूच म्हटलं, भाऊ, ९४ प्रिंट आहेत. मागचे आबाजी म्हणे, "बाप्पा! एवढं वावर कवा घेतलं रे तुमी?"

आता त्यांना काय सांगू की हे वावराचं नाही, चिलखताचं आहे.

झालं असं की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, पोट्टे लाकडी नंदी सजवून आणतात आणि सोबत वेशभूषा स्पर्धा असते. (आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावाच्या पट्ट्यातले, तिथला तान्हा पोळा पाहायला लांबून लोक येतात, त्यामुळे आजूबाजूच्या गावांनाही जरा चढलेलं असतं.) पण दरवर्षी तेच. चार शिवाजी महाराज, तीन गाडगेबाबा, दोन झाशीच्या राण्या आणि 'झाडे लावा झाडे जगवा' लिहिलेलं एक झाड. मी घरी जाहीर केलं की यावर्षी भाच्याला अंतराळातला सैनिक करतो. हे सांगायचं कारण. खरं कारण हे की मलाच घालायचं होतं. वय एकोणतीस, बीएस्सी, काकाच्या कृषी केंद्रात युरियाच्या पावत्या फाडतो, असल्या माणसाने उघड म्हटलं की मला चिलखत घालायचंय तर घरचे माझ्यासाठी मुली पाहणंच बंद करतील. तसंही दोन वर्षांपासून ते जवळपास बंदच आहे.

तर हे कागदाचं प्रकरण काय असते ते सांगतो. जपानमध्ये पेपरक्राफ्टला पेपाकुरा म्हणतात, पेपरक्राफ्टच, फक्त जपानी तोंडात जाऊन आखूड झालेला. तिकडच्याच तामा सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं पेपाकुरा डिझायनर आहे, त्याला थ्रीडी मॉडेल दिलं की ते त्याला उसवते, शिंपी जुना सदरा उसवतो तसं, आणि एकेक तुकडा कागदावर पसरवून देते. प्रत्येक कडेला नंबर. १४७ ची कड दुसऱ्या १४७ ला चिकटवायची, १४८ ची १४८ ला, असं करत करत कागदाचा टोप, छाती, खांदे, मांड्या सगळं उभं राहते. मग त्याला रेझिन पाजून कडक करायचं, वरून लांबी (म्हणजे पुट्टी) भरून घासायचं, रंग मारायचा. व्हिडिओत बारा मिनिटांत होते.

कागद साधा चालत नाही. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडपणाचं माप), याला दोनशेच्या वर पाहिजे. प्रिंटिंग प्रेसवाला माझा बारावीचा दोस्त, त्याच्याकडे एका लग्नाच्या पत्रिकांच्या न कापलेल्या शीटा पडून होत्या, 'गोरज मुहूर्तावर' ऐवजी 'गोरख मुहूर्तावर' छापल्या गेल्या म्हणून पार्टीने परत केलेल्या. मागची बाजू कोरी. त्याने ए-फोर कापून फुकटात दिल्या, वर म्हणे, "तुह्या लग्नात छापीन थे पैशानं घेजो." तो जाड कागद प्रिंटरमध्ये आपोआप ओढला जाईना, एकेक हाताने सरकवावा लागे, म्हणून सेंटरवाल्याने न्याय काढला, दोन विमे झाले की माझी एक शीट. तीन दिवस मी त्या बाकावर बसलो. त्यात त्याने लाईट जाऊन आल्यावर कोणत्या तरी शीटांना 'फिट टू पेज' ठेवलं आणि कोणत्यांना नाही, ते मला घरी येऊन कळलं, १४७ आणि १४७ मध्ये चार मिलिमीटरचा फरक. नात्यातल्या माणसांसारखं, नंबर जुळतो पण कड जुळत नाही.

सुरुवात टोपापासून केली. सॉफ्टवेअर विचारते उंची किती. मी हनुवटीपासून डोक्यापर्यंत टेप लावला, २४ सेंटिमीटर आलं, २४० मिलिमीटर टाकून दिले. आता कोणीही शहाणा माणूस सांगेल की टोप हा डोक्याच्या बाहेरून असतो, आत कान असतात, नाक असते, गादी लावावी लागते, आणि मुख्य म्हणजे मानेच्या भोकातून डोकं आत जावं लागते. कोणी शहाणा माणूस तेव्हा घरात नव्हता. नऊ रात्री लावल्या. आधी शाई संपलेल्या रिफिलीने घडीची रेघ दाबून घ्यायची, स्टीलच्या पट्टीवर मोडायची, काही घड्या डोंगरासारख्या वर, काही दरीसारख्या आत, एक उलटी झाली की सैनिकाचा गाल बसका. आजीच्या जेवायच्या पाटावर कटर चालवला, त्या पाटावर अजून चौकड्या आहेत. शेवटची कड चिकटवली, आरशासमोर उभा राहून टोप डोक्यावर ठेवला आणि तो भुवयांच्या वर थांबला. जोर लावला तर कान मुडपले. बस्स. टोपी झाली.

आजीने तो उलटा करून पाहिला, आत हात फिरवला, म्हणे "चांगलं हाय, हवा लागते," आणि त्यात लसूण भरून शिंक्याजवळ टांगून दिला.

दुसरा टोप ३०० मिलिमीटरचा केला, त्यात डोकं गेलं, तेवढ्यावर मी इतका खूश झालो की छाती-खांदे धडाधड केले, आणि नेमकी ऑगस्टात झड लागली. झडीत कागद काय करतो ते तुम्हाला माहीत असेल, पापड होतो, पण तळलेला नाही, वाळत घालून विसरलेला. छातीची डावी बाजू दोन दिवसात खाली लोंबली. म्हणून घाईघाईने नागपूरहून दोन किलो पॉलिस्टर रेझिन आणलं, सोबत हार्डनरची इवलीशी बाटली. हे हार्डनर शंभराला एक, फार तर दोन टाकायचं असते. मी लोणच्याच्या चमच्याने अंदाजे टाकलं. डबा हातात गरम व्हायला लागला, मग फार गरम, मग धूर, मग कडकट आवाज करून आतलं रेझिन काचेसारखं फुटलं आणि प्लास्टिकचा डबा वाकडा होऊन बसला. बाबा गोठ्यातून ओरडले, "काय पेटवून रायला बे?" त्यानंतर बैलाला औषध पाजायच्या सिरिंजने मोजून टाकलं, तेव्हा कुठे जमलं.

वासाचं तर सांगूच नका. दुकानात फवारणीचं सेफ्टी किट होतंच, पण त्यातल्या कापडी मास्कने हा वास अडत नाही, त्याला कार्बनच्या डब्यावाला मास्क लागते, ते मला डोकं दुखून दुखून दुसऱ्या दिवशी समजलं. मग सगळा कारभार उघड्या मांडवात नेला, बल्ब लावला आणि रात्री रेझिन मारलं. पावसाळ्यात रात्री बल्ब. आता तुम्हीच सांगा. सकाळी पाहतो तर उजव्या खांद्यावर पाखरं, चिलटं, एक अख्खा हिरवा तुडतुडा, सगळे आपापल्या जागी कायमचे. तुडतुडा अजूनही आहे, रंगाच्या खाली त्याचा उंचवटा हाताला लागतो.

आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. रेझिन प्यायला की कागद पारदर्शक होतो, तेल सांडलेल्या कागदासारखा. त्यामुळे मागची पत्रिका समोर आली. छातीवर उलट्या अक्षरात 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', पोटावर गोरख मुहूर्त, आणि मांडीवर आहेर आणू नये. शेजारची काकू उलटं वाचायचा प्रयत्न करत अर्धा तास उभी होती.

पुढचं काम थोडक्यात सांगतो कारण आठवलं की अजून खाजवते. आतून फायबरग्लासची चटई लावायची असते, तिचे बारीक काटे कातडीत जातात, आठवडाभर माणूस म्हशीसारखा भिंतीला अंग घासत फिरतो. वरून लांबी भरली, ती ट्रॅक्टरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीने शिकवली, तोच एक माणूस ज्याने मला हे कशासाठी असं विचारलं नाही. म्हणे पातळ लाव, वाळू दे, घास, परत लाव. मी जाड लावली, वाळू दिली नाही, घासली. पॉलिश पेपरचे चौदा तुकडे संपले. रंग मिस्त्रीकडे उरलेला हिरवा होता, तोच मारला. पट्टे फवारणी पंपाचे, गादी जुन्या उशीतली, आणि डोळ्यासमोरची काच म्हणजे सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेला मोटरसायकलच्या हेल्मेटचा काळा व्हायझर.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळं अंगावर चढवलं. बसता येत नाही. वाकता येत नाही. दारातून आडवं जावं लागते. श्वास घेतला की व्हायझरवर वाफ, मग दिसत नाही, श्वास थांबवला की दिसते पण जास्त वेळ नाही. वीस मिनिटांत पंपाच्या पट्ट्यांनी दोन्ही खांदे सोलून निघाले. तिकडे बाबा बैलांचे खांदे शेकत होते, लोणी-हळद आणि पळसाचं पान. माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, वाटीत उरलं होतं ते पानाने माझ्याही खांद्याला लावलं. "उद्या आराम कर," म्हणाले. हे ते बैलालाच म्हणाले असावेत असं मला अजूनही वाटते.

आता मुख्य दिवस. पाडव्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. मी म्हटलं गाव झोपलेलं आहे तर एक चक्कर मारून पाहू, चालायची सवय होईल. पायातले बूट करायचे राहिले होते म्हणून अंधारात हाताला लागली ती स्लिपर घातली आणि निघालो. मला काय आठवायला पाहिजे होतं? हेच की पोळ्याला दारोदारी पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, लावतात आणि पाडव्याच्या पहाटे ते गोळा करून ओरडत शिवेबाहेर नेऊन जाळतात. नागपूरला काळी-पिवळी मारबत आणि मोठाले बडगे, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे पुतळे, निघतात, काळी म्हणे १८८१ पासून. आमच्या गावात बडग्या कोणी करत नाही, एवढा उत्साह कोणाला. त्या वर्षी बडग्या स्वतःच चालत आला.

आधी एक पोट्टा ओरडला. मग दहा. मग डबे, थाळ्या, "ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!" मला वाफेतून फक्त पळसाची पानं हलताना दिसत होती. मी थांबलो की मागून ढकलत होते, वळायला गेलो की खांदा भिंतीला अडत होता, म्हणून चालत राहिलो. लोक दारात येऊ लागले आणि ज्याला जे आठवेल ते माझ्या अंगावर घालू लागले. गुलाबी बोंडअळी घेऊन जा गे मारबत! सोयाबीनचा पिवळा मोझॅक घेऊन जा! रातची लाईन घेऊन जा! एका बाईने हळू आवाजात सासूचं नाव घेतलं, ते मी इथे सांगत नाही, बाई अजून त्याच घरात आहे.

शिवेवर मेढ्यांचा ढीग पेटलेला होता. पोट्टे मला तिकडे रेटायला लागले. आता कागद, रेझिन, रंग, यात न जळणारं काय आहे ते सांगा. मी आतून जिवाच्या आकांताने ओरडलो, अरे मी आहे मी, पण बाहेर नुसतं हुं हुं, आणि टोप निघेना, नाक आत अडकलेलं. "अबे, बडग्या बोलून रायला!" कोणी तरी म्हणालं आणि गर्दी आणखी खूश झाली. एकाने पेटता मेढा उचललाही. तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"थांबा बे. थे चप्पल माही होय."

संध्याकाळी स्पर्धेत मी खुल्या गटात उतरणार होतो, तो विचार अर्थात सोडून दिला, अंगावर आयोडेक्स लावून मागच्या रांगेत बसलो. पण भाचा ऐकेना. त्याला आश्वासन दिलेलं. शेवटी बहिणीने शिंक्याजवळचा टोप काढला, लसूण परातीत ओतला, दोन फुंकरी मारल्या आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. अगदी मापात बसला. हातात लाकडी नंदी, वरून पेपाकुरा, गालावर लसणाची एक पांढरी साल चिकटलेली. त्याला मी दोन आठवडे पाठ करून घेतलं होतं, मी मंगळावरून आलेला सैनिक आहे, पृथ्वीचं रक्षण करतो वगैरे. स्टेजवर गुरुजींनी माईक पुढे केला, "बाळा, तू काय बनला?"

भाच्याने सगळ्या गावाकडे एकदा पाहिलं.

"मामा."

पाच मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही. आबाजींनी टोपी उडवली, तेच पीक विम्याच्या लाईनीतले. दुसरा नंबर मिळाला, बक्षीस कंपास पेटी. पहिला झाडाचा आला.