कॉम्प्युटर न तापवता न्युमरिकल मेथड्स

तासिका तत्त्वावर नेमणूक झाली, अभिनंदन. पहिला पगार हातात पडेपर्यंत दिवाळी उजाडेल, पण न्युमरिकल मेथड्सचं, म्हणजे गणितं आकडेमोडीने जवळपास सोडवायच्या पद्धतींचं, प्रॅक्टिकल मात्र पहिल्याच आठवड्यात तुमच्या गळ्यात पडेल. एका सरांची कंबर धरलेली असते, मॅडमकडे नॅकच्या फायली असतात, आणि नवा माणूस कॉम्प्युटरमधला असतो, असं सगळ्या स्टाफरूमने आपसात ठरवून टाकलेलं असतं. घाबरू नका. आपल्या खान्देशात मी या लॅबमध्ये पंधरा वर्षं काढली आहेत आणि या पंधरा वर्षांत एकही मशीन आकडेमोडीमुळे तापू दिलेलं नाही. तापली ती एप्रिलच्या उन्हाने. एसी मंजूर आहे, तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये असतो.

आधी सॉफ्टवेअरचं बघू. लॅबमध्ये जे मॅटलॅब, म्हणजे आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर, आहे ते कुणीतरी कधीतरी पेनड्राइव्हमधून टाकलेलं आहे. ते उघडण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायचा, तारीख काही वर्षं मागे न्यायची, मग एक खिडकी येईल तिच्यावर फुली मारायची. हा विधी पाठ करा, पोरांनाही तोच शिकवा. सेमिस्टरभरात मनापासून शिकलेली तेवढीच एक गोष्ट ती घेऊन जातील.

कुणी उत्साही पोरगा विचारेल, सर, तसंच काम करणारं ऑक्टेव्ह फुकट मिळतं, सायलॅब फुकट मिळतं, ते का नाही टाकत? त्याला बाजूला घेऊन समजवा. कॉलेजात वस्तू यायची तर खरेदी समिती लागते आणि समितीला तीन कोटेशनं लागतात. फुकट वस्तूचं कोटेशन कोण देणार? शून्य रुपयांची तीन कोटेशनं आणली तरी त्यातलं सर्वात कमी कुठलं, यावर दोन मीटिंगा होतील. आयआयटी मुंबईने ही मुक्त सॉफ्टवेअरं शिकवणारे धडे तयार केले, त्यातले कितीतरी मराठीतही केले, हेही सांगू नका. मराठीत कळलं तर पोरं प्रश्न विचारतात.

आणि या सॉफ्टवेअरांचा इतिहास तर अजिबात काढू नका, त्यात आपली अडचण आहे. मॅटलॅब लिहिलं ते क्लीव्ह मोलर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, न्यू मेक्सिको विद्यापीठात. का, तर वर्गातल्या पोरांना फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा न लिहिता मॅट्रिक्सशी, म्हणजे आकड्यांच्या चौकटींशी, खेळता यावं म्हणून. कंपनी 1984 साली निघाली, वर्ग आधी होता. ऑक्टेव्हची गोष्ट आणखी वाईट. त्याचं नाव संगीतातल्या सप्तकावरून नाही, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकावरून आहे. हा गृहस्थ हातात सापडेल त्या कागदाच्या पाठीवर दोन ओळी खरडून उत्तर साधारण किती येईल ते सांगायचा. आता बघा, ज्या माणसाची ख्याती अंदाज बांधण्यासाठी, त्याच्या नावाचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आपण अशी पोरं तयार करतो ज्यांना टाकीत किती पाणी मावेल याचा अंदाज विचारला तर ती चार्जर शोधतात.

इतिहास हवाच असेल तर आपल्या घरचा घ्या. पहिल्या तासाला भास्कराचार्य. चाळीसगावजवळचं पाटण, पाटणादेवीचं देऊळ, नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख. वीस मिनिटं आरामात जातात आणि पोरांची छाती फुगते. फक्त लीलावती उघडू नका. त्यात वर्तुळाच्या परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली आहेत, 3927/1250 आणि 22/7, आणि पहिलं सूक्ष्म, दुसरं व्यवहारापुरतं स्थूल, असं लेखकाने स्वतःच सांगून ठेवलंय. म्हणजे कुठला आकडा कुठे पुरतो हे बाराव्या शतकातल्या पोरांना माहीत होतं. आपल्या जर्नलमध्ये लाकडी पट्टीने मोजलेल्या नळीचं क्षेत्रफळ दशांशचिन्हापुढे पंधरा स्थळांपर्यंत असतं. फॉरमॅट लाँग असं टाइप केलं की येतं ते. पंधराच्या पंधरा आकडे पोरांकडून शाईने लिहून घ्या. पान भरतं.

आता एक धोका सांगतो, तो माझ्यावरच आलेला.

तिसरं की चौथं प्रॅक्टिकल होतं. वेळ जात नव्हता म्हणून मी सहज म्हटलं, 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 आहे का, हे मशीनला विचारा. दोन बरोबरची चिन्हं टाकायची. खरं असेल तर 1 येतं, खोटं असेल तर 0. खिडकीजवळच्या पोराकडे 0 आला. मी म्हटलं, मशीन खराब आहे, शेजारी बस. शेजारीही 0. तिसऱ्या मशीनवर 0. लॅब असिस्टंटने माउस बदलून पाहिला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, “सर, एक रुपया तिघांत वाटला की प्रत्येकी 33 पैसे येतात आन् एक पैसा उरतो, तसंच असेल ना हे? मशीन दोनाच्या पाढ्यात मोजतं, मग त्याला 0.1 पुरा कसा लिहिता येईल?”

बरोबर होतं तिचं. दहाचा एक भाग दोनच्या पद्धतीत लिहायला गेलं की शेपूट संपतच नाही, मग मशीन ते कुठेतरी कापतं. फरक उरतो तो इतका बारीक की दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग 55. म्हणून बरोबर आहे का असं विचारायचं नसतं, फरक अमुक एका मर्यादेच्या आत आहे का असं विचारायचं असतं. याच 0.1 च्या शेपटीपायी 1991 च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्राच्या यंत्रणेचं, सेकंदाचे दहावे भाग मोजणारं घड्याळ शंभर तासांत सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चुकलं, येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि 28 सैनिक गेले. हे सगळं सांगायला दहा मिनिटं पुरली असती. मी काय केलं? म्हटलं, “हे सिलॅबसमध्ये नाहीये. जर्नलमध्ये 1 लिहा.” तुम्हीही हेच करा. एकदा का पोरं मशीनच्या उत्तरावर शंका घ्यायला लागली की मग ती मास्तरावरही घेतात.

ही पोरगी रावेरकडची, घरी केळीचा बाग. अशा पोरांपासून जपून राहा, त्यांच्याकडे खरे आकडे असतात. वडिलांच्या व्हॉट्सॲपवर रोज केळीचा भाव येतो. हिने दहा दिवसांचे दहा भाव घेतले आणि पॉलिफिटला, म्हणजे बिंदूंवर वळण बसवणाऱ्या कमांडला, नववा घात दिला. वळण दहाच्या दहा बिंदूंतून असं सुरेख गेलं की मीसुद्धा वा म्हटलं. मग हिने अकराव्या दिवसाचा भाव काढला. दहाही दिवस भाव क्विंटलला दीड हजाराच्या आगेमागे होता. अकराव्या दिवशी उणे सहा हजार. म्हणजे केळी द्यायची आणि वरून व्यापाऱ्याला पैसे मोजायचे. घरी दाखवलं तर वडील म्हणाले, “बरोबर सांगतंय मशीन, गेल्या साली आपलं असंच झालतं.”

त्यानंतर तिने स्वतःच सरळ रेषा बसवून पाहिली, मग दुसरा घात, आणि सगळ्या बिंदूंतून जाणारं वळण सगळ्यात शहाणं नसतं हे माझ्या मदतीशिवाय तिला कळलं. इथे शिक्षकाने तातडीने हस्तक्षेप करावा. मी तिला सांगितलं, बेटा, परीक्षेला डेटा पुस्तकातलाच येतो, केळीचा येत नाही.

राहिलं जर्नल. एक चांगल्या अक्षराचा पोरगा निवडा, त्याचे आउटपुट झेरॉक्सवाल्याकडे ठेवा, बाकीचं आपोआप होतं. आमच्याकडे 42 जर्नलांत वळणाखालचं क्षेत्रफळ काढायच्या सिम्प्सनच्या नियमाचं स्पेलिंग एकसारखं चुकलेलं आहे, आणि 42 स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात एकाच पोराच्या घरच्या लॅपटॉपचं नाव आहे, ‘पप्पा पीसी’. समीकरणं फेरीफेरीने सोडवायचं गाउस-सायडल तर सगळ्यांचं सहाव्या फेरीतच जुळतं, ज्यांनी समीकरणं उलटसुलट लिहिली त्यांचंही. प्रत्यक्ष चालवलं असतं तर त्यांचे आकडे फुगत फुगत सातपुडा ओलांडून गेले असते. म्हणून तर चालवायचं नाही. आणि कुणाला चालवायचंच असेल तर ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला शिकवा. अर्धविराम दिला की उत्तर पडद्यावर येतच नाही. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मला तरी एवढी दयाळू सोय दुसरी दिसली नाही.

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक, येतात. स्टेशनवर घ्यायला मोटारसायकल पाठवा, जेवणात शेवभाजी तिखट सांगा म्हणजे दुपारी प्रश्न कमी येतात. यंदाचे एक्स्टर्नल नंदुरबारचे होते. जेवण झालं, कूलरसमोर बसून त्यांनी जर्नलं चाळली. सही, सही, सही. मध्येच हात थांबला.

“हे काय? बाकी सगळ्यांचं 1 आहे आणि हिचं 0?”

मी जर्नल बघितलं. माझ्या सांगण्यावरून लिहिलेला 1 तिने खोडून शाईने 0 केला होता, बाजूला आपल्या अक्षरात रुपया-तिघांचं उदाहरण लिहिलं होतं.

“एवढ्या पोरांचं चुकेल आणि हिचं एकटीचं बरोबर असेल, असं होतं का कुठे?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं. त्यांनी दोन मार्क कापले.

पोरगी समोरच उभी होती. म्हणाली, “सर, मशीन चालू करून दाखवू?”

एक्स्टर्नलनी पेनाला टोपण लावलं. सुरत लाइनची गाडी सव्वाचारची होती.