‘तार गेली, पिरॅमिडही गेला’ म्हणणाऱ्या वाचकाला

बातमीच्या उलट्या पिरॅमिडवर, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आधी आणि कमी महत्त्वाचं शेवटी या मांडणीवर, मी जे लिहिलं, त्यावर ‘जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. तक्रारी अशा: मी मास्तरकी करतो, उदाहरणं जुनी देतो, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ यांतला फरक दोन ओळींत उरकतो, या पिरॅमिडपायी बातमीतलं ‘का’ तळाशी जातं आणि तिथेच कापलं जातं. शिवाय हे वाक्य: ‘तार गेली, तिच्याबरोबर पिरॅमिडही गेला. तुम्हाला कुणी कळवलं नाही वाटतं!’

कळवलं हो. आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, ती बातमी मीही वाचली. पण पिरॅमिड तारेपायीच आला असं धरून टोमणा मारण्याआधी सनावळी तरी बघायची होती. मोर्सचा तारेवरचा संदेश वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेला 1844 मध्ये. कोण, काय, कुठे, केव्हा हे सगळं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकायची पद्धत अमेरिकी वृत्तपत्रांत रुळेपर्यंत मात्र ते शतक सरत आलं होतं. सगळं तारेमुळेच झालं असतं, तर मधली इतकी वर्षं कुठे गेली?

‘कधी डेस्कवर बसलात का?’ असंही विचारलंय. बसलोय. एका जिल्हा दैनिकात, बातम्या तपासून पानं लावायच्या टेबलावर, रात्रपाळीला. ऐन वेळी जाहिरात यायची, पान पुन्हा लावावं लागायचं आणि बातमी खालून कापली जायची, कारण पूर्ण वाचून कापायला वेळ असायचा कुणाला? तालुक्याची प्रसिद्धिपत्रकं दीपप्रज्वलनापासून सुरू व्हायची. मग स्वागत, मग व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं. टँकर वाढवण्याचा ठराव सापडायचा आभारप्रदर्शनाच्या आदल्या ओळीत. आली तशी लावली, तर मान्यवर वाचायचे आणि टँकर जायचे. तो ठराव उचलून इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, आणणं, हेच उपसंपादकाचं काम. यात तार कुठे आली? आज मोबाईलच्या नोटिफिकेशनमध्ये जेमतेम दीड ओळ दिसते. तिथेही दीपप्रज्वलनच टाकायचं का?

डेटलाइन (बातमीच्या सुरुवातीचं गाव-तारीख) आणि बायलाइन (बातमीदाराचं नाव) यांचं एकेक उदाहरण द्यायला हवं होतं, हे मान्य. मूळ लेखात घातलं आहे. न्यायालय दोषी ठरवेपर्यंत माणूस आरोपीच असतो. याला तिसरी ओळ कशाला हवी, मला कळलं नाही. जुन्या उदाहरणांवर काय बोलू, आपण स्वतःला जुना वाचक म्हणवता. ‘का’चा विषय मोठा आहे, तो इथे नको.

राहिलं ते ‘मास्तर, क्लासची फी किती?’ फी नाही. मात्र वीस-बावीस वर्षांची मुलं, नुकती बातमीदारीला लागलेली, इथे येऊन प्रश्न विचारतात, आणि ती आपल्यापेक्षा नीट बोलतात. पुढचा भाग मथळ्यांवर आहे. तो न वाचताच प्रतिक्रिया लिहिणार असाल तर आधी सांगा, म्हणजे मी रात्र जागून उत्तर लिहीत बसणार नाही.